‘इथं कसं आहे, ताई?’

(नोकरीच्या शोधात असलेल्या मुलींसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवून शब्दांकन केले आहे.)



संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे विषय लिहिला आहे, ‘मुलाखतीची तयारी : नोकरी देणाऱ्याची माहिती कशी काढावी’. सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघी म्हणत होत्या, की हे तर क्लासवाल्यांचं काम, कसं बसावं आणि किती हसावं ते शिकवणाऱ्यांचं. आपण बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या, आपण यात कशाला शिरायचं? मी मागच्याच बाकावर होते, म्हणून ऐकू आलं. रागावले नाही. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

मी नाशिकला सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये काम करते. आमच्या केंद्रात येणाऱ्या मुली कुणी दहावी, कुणी आयटीआय, कुणी बी.ए. झालेल्या असतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मुलाखतीत काय विचारतील?’ ‘मी काय विचारू?’ असं आजवर एकीनेही आपणहून म्हटलेलं मला आठवत नाही. माझं आजचं बोलणं या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. पण आधी माझी स्वतःची फजिती सांगते. ती न सांगता तुम्हाला चार गोष्टी ऐकवणं मला जमणार नाही.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मी तीन महिने घरी बसले होते. वडिलांची निवृत्ती जवळ आली होती, धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं. एका नावाजलेल्या सामाजिक संस्थेची जाहिरात आली, प्रकल्प समन्वयक पाहिजे. संस्थेचं नाव मी सांगणार नाही, आज त्याने काही साधणार नाही. मी तयारी अशी केली, की तशी एम.एस.डब्ल्यू.च्या परीक्षेचीही केली नव्हती. संस्थापकांवरचे लेख वाचले. त्यांना कोणत्या वर्षी कोणता पुरस्कार मिळाला ते पाठ केलं. ओळखीच्या एका सरांकडून संस्थेचे चार वर्षांचे वार्षिक अहवाल मिळवले आणि सुरुवातीची पानं खुणा करून करून वाचली.

मुलाखतीला समोर पाच जण होते, चार पुरुष आणि एक बाई. बाईंनी पूर्ण वेळात एकच प्रश्न विचारला, लग्नाचं काय ठरलंय. मी संस्थेची सगळी वाटचाल न अडखळता सांगितली. अध्यक्ष हसून म्हणाले, ‘तुम्हाला आमच्याविषयी आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे.’ नोकरी मिळाली. घरी पेढे वाटले.

चौथ्या महिन्यात पगार आला नाही. पाचव्यातही नाही. हिशेबनीस म्हणाले, ‘अनुदानाचा हप्ता यायचाय.’ तेव्हा कळलं, की माझी जागा ज्या प्रकल्पातून भरली होती, त्याची मुदत मी रुजू झाले तेव्हाच सात महिने उरली होती. माझ्या हातात नियुक्तिपत्र नव्हतं. दर महिन्याला मी व्हाउचरवर सही करत होते आणि त्यावर ‘पगार’ नाही, ‘मानधन’ असं लिहिलेलं होतं. भविष्यनिर्वाह निधीचा तर प्रश्नच नव्हता. आणि त्याच दिवसांत मी बचत गटांच्या बैठकांत ‘बायांनो, सही करण्याआधी कागद वाचा’ असं सांगत फिरत होते!

एका रात्री ते चार अहवाल पुन्हा काढले. या वेळी मागून वाचले. शेवटच्या पानांवर हिशेबाची पत्रकं होती. प्रकल्पवार आलेली रक्कम, झालेला खर्च, शिल्लक. माझ्या प्रकल्पात किती थोडे पैसे उरले होते, ते तिथे छापलेलं होतं. त्याच्या अलीकडच्या पानावर कार्यकर्त्यांची यादी होती. चारही वर्षांच्या याद्या मी जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या. पुरुषांची नावं चारही याद्यांत तीच. ‘समन्वयक’ या पदापुढे मात्र दर वर्षी नवं नाव, आणि दर वर्षी बाईचंच. चार वर्षांत चार जणी. मुलाखतीला जाताना एसटीत हेच अहवाल माझ्या मांडीवर होते, आणि मी पुरस्कार पाठ करत बसले होते.

आता जे सांगणार आहे ते मी जाहीरपणे कधी सांगितलेलं नाही.

थकलेले पैसे तुकड्यातुकड्याने मिळत राहिले आणि मी जागा सोडली नाही, कारण दुसरी नव्हती. वर्ष झालं असेल. क्षेत्र कार्यकर्तीच्या जागेसाठी मुलाखती होत्या. व्हरांड्यातल्या बाकावर एक मुलगी बसली होती. हातात प्लास्टिकची फाइल, इस्त्री मोडू नये म्हणून ताठ. मी तिला पाण्याचा ग्लास नेऊन दिला. तिने इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, ‘इथं कसं आहे, ताई?’

मी म्हटलं, ‘चांगलं आहे.’

का म्हटलं? माझे दोन महिन्यांचे पैसे अडकले होते. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. शिवाय संस्थेचं वस्तीतलं काम खरोखर उपयोगाचं होतं, त्याला आपल्या तोंडून बट्टा लागू नये असंही वाटलं. कारणं सगळी खरी आहेत. पण त्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती अगदी बरोबर माणसाला बरोबर प्रश्न विचारत होती. तिची चौकशी फुकट घालवली ती मी.

आपल्याकडे मुलगी द्यायची झाली तर किती चौकशी होते, आठवा. मुलाला व्यसन आहे का, जमीन कुणाच्या नावावर, सासू कशी आहे, मोठी सून माहेरी का निघून गेली. मामा, आत्या, त्या गावचा दुकानदार, सगळ्यांना विचारून होतं. (त्यात खुद्द मुलीला कुणी विचारत नाही, तो भाग वेगळा. त्यावर आपण पुष्कळ शिबिरं घेतली आहेत.) पण तीच मुलगी दिवसाचे नऊ-दहा तास ज्या छपराखाली काढणार, तिथली चौकशी कोण करतं? ‘बारा हजार देतात’ एवढ्यावर तिला धाडतात. आणि मुलाखत म्हणजे पुन्हा कांदेपोह्यांचाच कार्यक्रम. मान खाली घालून बसायचं, विचारलं तेवढं सांगायचं, पसंतीच्या निरोपाची वाट बघायची. मुलाखत-मार्गदर्शनाची पुस्तकं सांगतात, कंपनीची माहिती काढा, म्हणजे समोरच्यांवर छाप पडेल. छाप पडली तर चांगलंच. पण आपण कुठे चाललो आहोत ते आधी आपल्याला कळू दे.

पहिला प्रश्न बाळबोध वाटेल. नोकरी देणारा कोण? औद्योगिक वसाहतीत याचं उत्तर सोपं नसतं. फाटकावर पाटी एका कंपनीची, मुलाखत घेणारा दुसऱ्याच एजन्सीचा, बँकेत पैसे टाकणारा तिसराच. मुलीला विचारलं, कुठे लागलीस, तर ती पाटीवरचं नाव सांगते. पगार बुडाला किंवा बोट मशिनमध्ये सापडलं, की पाटीवाले म्हणतात, ‘ही आमची कामगार नाही.’ कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती, आताच्या संहितेतही आहे. पण ती मागायची तर कंत्राटदाराचं नाव-पत्ता आणि आपण तिथे कामाला होतो याचा कागद लागतो. म्हणून मुलाखतीला बोलावणारा फोन आला, की त्याच फोनवर विचारायचं, ‘माझ्या नियुक्तिपत्रावर कुणाचं नाव असेल?’ हा उद्धटपणा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि मला तो रास्त वाटतो. पण कामगाराला नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक झालं, एवढी एक तरतूद आपल्या कामाची आहे. ती वापरायची.

नाव हाती आलं की कागद बघता येतात, त्यासाठी ओळखीचा साहेब लागत नाही. आम्ही केंद्रातल्या एका मोबाइलवर हे करतो. नोंदलेली कंपनी असेल तर केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची मूळ माहिती मिळते : नोंदणी कधीची, पत्ता कुठला, चालू आहे की बंद. ‘आमची वीस वर्षं जुनी कंपनी’ म्हणणारी मागच्या वर्षी नोंदलेली निघू शकते. दुकान किंवा एजन्सी असेल तर पाटीवरचा जीएसटी क्रमांक टिपून आणायचा आणि नोंदणी जिवंत आहे की रद्द झाली ते बघायचं. मला स्वतःला सगळ्यात आवडते ती भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावरची सोय. तिथे आस्थापनेचं नाव घातलं की कोणत्या महिन्याची रक्कम भरली आणि किती जणांची भरली ते दिसतं. समजा, एजन्सी म्हणते आमच्याकडे तीनशे जणी आहेत आणि निधी भरलेला दिसतो चाळीस जणींचा. मग उरलेल्या दोनशे साठ कुठे गेल्या? कधी कधी दुसऱ्या नोंदणी क्रमांकावर भरलेले असतात, म्हणून लगेच चोर ठरवायचं नाही, विचारायचं. पण आपली मुलगी त्या चाळिसांत असेल की दोनशे साठांत, हा प्रश्न मुलाखतीच्या आधीच हातात आलेला असतो. वीस किंवा जास्त कामगार असतील तर भविष्यनिर्वाह निधी, दहा असतील तर कर्मचारी राज्य विमा, हे आकडे मुलींना पाठ करून द्या. माझ्या त्या पुरस्कारांच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडतील.

संस्था किंवा ट्रस्ट असेल तर अहवाल मागून वाचा, हे वेगळं सांगायला नको. आणि कुणी अनामत, गणवेशाचे पैसे किंवा ‘ट्रेनिंग फी’ आधी मागितली, तर पुढे काही बघू नका. फोन ठेवून द्या.

लैंगिक छळाच्या कायद्याबद्दल या खोलीत मी नवीन काय सांगणार? १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवींवर त्यांच्या कामामुळे अत्याचार झाला, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि कायदा व्हायला २०१३ उजाडलं, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण हा कायदा आपण छळ झाल्यावर वापरतो. नोकरी धरण्याआधी चौकशीचं साधन म्हणून त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात, एक सदस्य बाहेरची हवी, आणि समिती नेमल्याचा आदेश दर्शनी जागी लावलेला हवा. म्हणजे मुलाखतीला गेलेल्या मुलीने नुसतं भिंतीकडे बघायचं आहे. कागद आहे का? कोणत्या सालचा आहे? समितीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते. एका ठिकाणी आमच्या मुलीने कागद वाचून स्वागतकक्षातल्या बाईंना सहज विचारलं, या मॅडम कुठे बसतात? उत्तर मिळालं, त्या तर केव्हाच सोडून गेल्या.

कंपन्यांना आपल्या संचालक मंडळाच्या अहवालात समितीबाबत निवेदन द्यावं लागतं, २०१८ पासून. २०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, नव्वद दिवसांहून जास्त किती पडून आहेत, हे आकडेही द्यावे लागतात. मोठ्या कंपन्यांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे शून्य दिसलं तर हुरळून जाऊ नका. हजारो बायका काम करतात आणि वर्षानुवर्षं एकही तक्रार नाही, याचा अर्थ समिती कुठे बसते ते कुणाला माहीत नाही असाही असू शकतो. मी तर आठ-दहा तक्रारी येऊन निकाली निघालेली जागा जास्त भरवशाची मानते. सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम, विद्यापीठं यांनी समितीची माहिती संकेतस्थळावर ठेवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे. तेव्हा तिथे अर्ज करणाऱ्यांनी ती नावं जरूर शोधावीत.

पण कागदापेक्षा फाटक जास्त बोलतं. पाळी सुटायच्या वेळी समोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास उभं राहा. बाहेर पडणाऱ्यांत बाया किती? सगळ्या वीस-बावीसच्याच असतील तर लग्न झालेल्या, मूल झालेल्या कुठे जातात? बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा कायद्यात २०१७ पासून आहे, पन्नास कामगार असतील तिथे पाळणाघर हवं. पण आतल्या बाईला ‘रजा मिळते का’ असं विचारू नका. ‘बाळंतपणाहून परत आलेली कुणी आहे का’ असं विचारा. पहिल्याचं उत्तर हो असंच येतं, दुसऱ्याचं येताना बाई थोडी थांबते. नोकरीचे लेखी सेवानियम असतील तर तेही बघायला मागा. एअर इंडियात हवाई सुंदरीची पहिल्या गरोदरपणातच सेवा संपायची, ती नियमात लिहून ठेवलेलीच होती. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. आता असं कुणी लिहून ठेवत नाही, म्हणूनच फाटकावर उभं राहावं लागतं.

रात्रपाळी असेल तर गाडी कुणाची, चालक कुणाचा, सगळ्यात शेवटी उतरणारी कोण, हे विचारलंच पाहिजे. संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी सहाच्या आधी बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी, असं संहिता म्हणते. ही संमती बारीक अक्षरांतल्या कुठल्यातरी कलमाखाली घेतलेली नको, विचारून घेतलेली हवी. पुण्यात २००७ साली बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीचा जीव तिला न्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने घेतला. ती गाडी कामासाठीच लावलेली होती.

आणि मुलाखतीच्या दिवशी तिथल्या बाथरूमला जाऊन या, गरज नसली तरी. कडी लागते का, पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का, की दोन मजले उतरून पुरुषांच्या शेजारी जायचं आहे? हसू नका. मुंबईतल्या बायकांना यासाठी २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालवावी लागली. साड्यांच्या दुकानात मुलाखत असेल तर काउंटरमागे स्टूल आहे का ते बघा. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका बसायच्या हक्कासाठी लढल्या, तेव्हा २०१८ मध्ये तो तिथल्या कायद्यात आला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तशीच दुरुस्ती केली. दिवसभर उभं राहायचं की नाही हे आपल्याला पहिल्या दिवशी कळतं, खरं तर ते मुलाखतीच्या दिवशीच दिसत असतं.

या सगळ्याचा मुलाखतीतही उपयोग होतो बरं का! आमच्या केंद्रातली एक मुलगी, बारावी झालेली, एका खासगी रुग्णालयात स्वागतकक्षाच्या जागेसाठी जाणार होती. पदवीवाल्या पाच-सहा जणी होत्या, तिला वाटत होतं आपलं काही होत नाही. मी म्हटलं, दोन दिवस आधी जाऊन बाह्यरुग्ण विभागात बाकावर तासभर बस. ती बसली. मुलाखतीत तिला ठरलेला प्रश्न विचारला, ‘आमच्या रुग्णालयाबद्दल काय माहीत आहे?’ ती म्हणाली, ‘सोमवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीवर एकच रांग असते. नवीन आणि जुने पेशंट एकाच रांगेत उभे राहतात आणि म्हाताऱ्या माणसांना खिडकीतलं ऐकू येत नाही. दोन रांगा केल्या तर भांडणं कमी होतील.’ तिला तिथल्या तिथे घेतलं. ते बघायला गेलेली असतानाच तिने आणखी एक गोष्ट टिपली होती. स्वागतकक्षातल्या दोघी जेवायला आळीपाळीने जात होत्या आणि डबा दहा मिनिटांत संपवत होत्या. मग तिने पगार ठरवताना जेवणाच्या सुट्टीचंही विचारून घेतलं.

लग्नाचा प्रश्न येतोच. ‘लग्न कधी? मूल कधी? नवरा परवानगी देईल ना?’ त्याच कामासाठी भरती करताना बाई म्हणून भेदभाव करू नये, असं आधी १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यात होतं, आता वेतन संहितेत आहे. पण मुलाखतीला बसलेल्या मुलीने कलम सांगायला सुरुवात करावी, असं मी म्हणणार नाही. तिला नोकरी हवी आहे. ती एवढं म्हणू शकते, ‘कामाच्या वेळा मला जमतील. त्या नेमक्या कशा आहेत ते सांगाल का?’ आणि कुणी काय विचारलं ते बाहेर आल्यावर लिहून ठेवायचं. आपण नोकरी देणाऱ्याची माहिती काढत असतो, तेव्हा त्याने विचारलेले प्रश्न हीसुद्धा माहितीच असते. माझ्या मुलाखतीतल्या त्या बाईंनी मला पुष्कळ काही सांगितलं होतं. मला ते ऐकू आलं नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. माहिती काढली, ती वाईट निघाली, आणि घरात पीठ नाही, तर काय करायचं? ‘अशी नोकरी लाथाडा’ म्हणायला मला काय जातंय? आमच्या गटातल्या एका चाळिशीच्या ताईंनी पॅकिंगच्या एका युनिटची सगळी चौकशी केली. कंत्राटदार पगार उशिरा देतो, निधी भरत नाही, हे सगळं त्यांना कळलं. आणि त्या रुजू झाल्या. मला म्हणाल्या, ‘बाई, खड्डा कुठं हाय ते म्हाईत झालं, आता चालता येतंय.’ पहिल्या दिवसापासून त्यांनी लेकीच्या जुन्या वहीत स्वतःची हजेरी मांडली. तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, शेजारी कोण होतं. गेटपासचा फोटो काढून ठेवला. आठव्या महिन्यात दोन महिन्यांचे पैसे अडकले तेव्हा कामगार कार्यालयात कंत्राटदार म्हणाला, ही बाई माझ्याकडे नव्हतीच. ताईंनी वही टेबलावर ठेवली. पैसे मिळाले. सगळे नाही, पण बरेचसे.

त्या व्हरांड्यातल्या मुलीचं काय झालं, ते राहिलं. गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात जेवणाच्या रांगेत कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. तिने त्या संस्थेत अकरा महिने काढले होते. मी म्हटलं, ‘त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले.’ ती म्हणाली, ‘मला तेव्हाच कळलं होतं, ताई. चांगलं आहे म्हणताना तुम्ही दाराकडे बघितलं होतंत. पण मला नोकरी पाहिजे होती.’ ताट घेऊन आम्ही एका कोपऱ्यात बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘पगार अडकतो एवढं जरी सांगितलं असतंत, तर पहिल्या तीन महिन्यांतले थोडे पैसे मी मागे टाकले असते. मला तेव्हा आईची बोरमाळ मोडावी लागली.’

तिथून आल्यावर आम्ही केंद्रात एक वही सुरू केली. साधी दोनशे पानी, कपाटात कुलपात असते. जी बाई जिथे काम करते किंवा करत होती, तिथलं तिने लिहायचं, लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेतो. गटात खूप वाद झाले. कुणी रागाने काहीही लिहिलं तर? मालकाने अब्रुनुकसानीची केस केली तर? एका वकील मैत्रिणीला बसवून आम्ही नियम ठरवले. स्वतः पाहिलेलं, स्वतःवर गुदरलेलं तेवढंच लिहायचं. ‘ऐकलंय’ चालणार नाही. महिना आणि साल घालायचं. ‘मालक हरामखोर आहे’ असं लिहायचं नाही, ‘मार्चचा पगार मे महिन्याच्या वीस तारखेला मिळाला’ असं लिहायचं. लिहिणारीचं नाव नसतं. पानाचा फोटो काढून मोबाइलवर पाठवायचा नाही, कारण त्यातून कोण बोललं ते ओळखू येतं आणि तिची भाकरी जाते. ज्या मुलीला मुलाखतीला जायचं आहे तिने केंद्रात यावं, बसून वाचावं. सहा महिन्यांनी तिथल्याच दुसऱ्या बाईला पुन्हा विचारायचं, कारण जागा सुधारतातही. एका युनिटबद्दल ‘पाळणाघर फक्त कागदावर’ अशी नोंद होती. नंतरच्या बाईने खाली लिहिलं आहे, ‘पाळणाघर सुरू झालं, मावशी चांगल्या आहेत.’ ती ओळ आम्ही मुलींना मुद्दाम दाखवतो.

ही वही काही कुलूप लावून ठेवण्याची गोष्ट असायला नको होती, हे मलाही कळतं. आम्ही अजून तेवढ्यापर्यंतच पोचलो आहोत. तुमच्या गावात ती कशी ठेवता येईल, ते तुम्हीच ठरवाल. सोलापूरच्या विडीवाल्या ताईंना आणि रत्नागिरीच्या मासळी कारखान्यातल्या मैत्रिणींना आमचे सगळे नियम उपयोगी पडतील असं नाही.

जेवणाआधी अर्धा तास आहे. मागे सतरंजीवर कोऱ्या वह्या आणि पेनं ठेवली आहेत. चार-चार जणींनी बसा, प्रत्येकीने आपण आजवर काम केलेल्या एका जागेबद्दल पान लिहा. इथे संस्थांमध्ये नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत, त्यांनी आपापल्या संस्थेबद्दलही लिहायचं आहे. माझं पान मी काल रात्रीच लिहिलं आहे, ते पहिल्या वहीत आहे.